पप्पांचं तारण झालं म्हणतात, मग आईच्या हिशोबाचं काय?

पत्र थोडक्यात असं. (ओळख पटू नये म्हणून गावांची नावं आणि काही तपशील गाळलेत.)

लिहिणारी वाचक चव्वेचाळीस वर्षांची आहे, सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स. वडील मराठी प्रोटेस्टंट घरातले, आई वसईकडची कॅथलिक. वडिलांनी आयुष्यभर दारू प्यायली आणि आईला मारलं. आई तेरा-चौदा वर्षांपूर्वी गेली, जाईपर्यंत तिला कोणी साधं सॉरी म्हटलं नाही. गेल्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले, पाच महिने त्यांचं सगळं, अगदी डायपर बदलण्यापासून, हिनेच नाईट ड्युट्या सांभाळून केलं. भाऊ आखातात नोकरीला. शेवटच्या पंधरवड्यात भावाच्या ओळखीचे एक पास्टर घरी यायला लागले, त्यांच्यासमोर वडील रडले, पापांची कबुली दिली, प्रभूला स्वीकारलं आणि बारा दिवसांनी गेले. मुलीशी मात्र त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. स्मरण-उपासनेत पास्टरांनी वडिलांची साक्ष सांगितली, मंडळीने हालेलुया म्हटलं. हिने नंतर भावाला विचारलं, "आणि आईचं?" तो म्हणाला आईचं काही सांगता येत नाही, ती रोझरी-नोव्हेना (जपमाळ आणि नऊ दिवसांची प्रार्थना) करायची, म्हणजे कर्मांवर विसंबून होती. आणि तुला पप्पांच्या तारणाचा (पापांची क्षमा मिळून देवाने स्वीकारल्याचा) आनंद होत नाही म्हणजे तुझाही विश्वास कच्चाच, तुझ्याकडे तारणाची तारीख, म्हणजे प्रभूला स्वीकारल्याचा दिवस, तरी आहे का? आता त्याला घर स्वतःच्या एकट्याच्या नावावर करायचंय, हक्कसोडपत्र तयार आहे, "देवाने एवढी कृपा केली, तूही मन मोठं कर" म्हणतोय.

तिचे प्रश्न: मला राग येतो म्हणजे मी कृपेच्या बाहेर आहे का? मी जे केलं त्याला काही अर्थ आहे का? आणि सही करू का?

---

अगं बाई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते कारण तेवढंच मला एका ओळीत देता येतंय. सही करू नकोस, निदान एवढ्यात तरी नको. बाकीचं निवांत बोलू. (तुला तू म्हणतेय, चालेल ना? मी साठी ओलांडलीय आणि पाळकाच्या घरात वाढलेय, लहानपणापासून अशा कितीतरी स्मरण-उपासनांना मागच्या बाकावर बसलेय आणि गेलेला माणूस खरा कसा होता ते घरी आल्यावर स्वयंपाकघरात आईच्या तोंडून वेगळंच ऐकलंय.)

तुझं पत्र वाचून मला राग आला तो आधी बायबलमधल्या एका वचनाचा जो वापर झालाय त्याचा. इफिसकरांस पत्र, दुसरा अध्याय, आठ आणि नऊ. संडे स्कूलमध्ये आपण सगळ्यांनी घोकलेलं, "कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे", हे तुमच्या हातून झालेलं नाही, देवाचं दान आहे, कर्मांनी मिळालेलं नाही, म्हणजे कोणी बढाई मारायला नको. आता बघ, प्रेषित पौलाने हे लिहिलं ते लोकांच्या बढाया बंद व्हाव्यात म्हणून, आणि तुमच्या घरात ते वापरलं गेलं तुझी तक्रार बंद व्हावी म्हणून. शिवाय भावाने आईचं आणि तुझं मार्कशीट काढलं ते वेगळंच, म्हणजे बढाई बंद करणारं वचन हातात घेऊन हाच माणूस बढाई मारतोय, पण ते असो.

तुझ्या पत्रात एक गोष्ट तू न बोलता मान्य करून टाकलीयेस आणि मला वाटतं तिथेच सगळी गाठ आहे. तू असं धरून चाललीयेस की देवाने वडिलांना माफ केलं असेल तर आईला जे झालं ते खोडलं गेलं, पाटी पुसली, आता कोणी त्याबद्दल बोलायचं नाही. आणि म्हणून तुला वडिलांचं तारण नकोय. मला सांग, हे कोणी शिकवलं आपल्याला? की कृपा म्हणजे हिशोब नव्हताच?

येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेला तो दुसरा अपराधी आठव, लूक तेविसावा अध्याय. शेवटच्या क्षणी तारण म्हटलं की सगळे त्याचंच उदाहरण देतात, आणि बरोबरच आहे, त्याच्याकडे ना बाप्तिस्मा, ना दशांश, ना एका दिवसाची सेवा, तरी येशू म्हणतो आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. पण त्याच्या जरा आधी तो काय बोलतो ते भाषणात कोणी घेत नाही. तो शेजारच्याला म्हणतो, अरे आपली शिक्षा बरोबर आहे, आपण जे केलं त्याचंच फळ भोगतोय. म्हणजे मरता मरता त्या माणसाने एकच काम केलं, खरं बोलला. स्वतःच्या केसचे पेपर लपवले नाहीत.

आणि फिलेमोनाला पौलाने लिहिलेली ती चिमुकली चिठ्ठी, एका पानाची. अनेसिम नावाचा गुलाम मालकाकडून निघून आलेला, पौलापाशी येऊन विश्वासात आला, आता पौल त्याला परत पाठवतोय. पौल असं म्हणत नाही की जाऊ दे रे, आता विश्वासातला भाऊ झालाय, जुनं काढू नकोस. तो म्हणतो, त्याने तुझं काही नुकसान केलं असेल, काही देणं लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी माझ्या हाताने लिहून देतोय, मी फेडीन. मांड म्हणतो गं! आकडा लिहायचा, मग तो कोणीतरी दुसऱ्याने भरायचा. अख्खा वधस्तंभाचा अर्थ आपल्याला असाच शिकवला ना, की किंमत होती, आणि ती भरली गेली. किंमतच नव्हती तर मग भरलं काय?

तुमच्याकडे झालं असं की वही उघडलीच गेली नाही. पास्टरांसमोर वडिलांनी कोणती पापं कबूल केली ते तुला माहीत नाही, मलाही नाही. "मी पापी आहे" म्हणायला फार त्रास होत नाही, ते सगळ्या जगाला लागू पडतं. "मी हिच्या आईला मारायचो" हे वाक्य अवघड, कारण ते फक्त मलाच लागू पडतं आणि ते ऐकायला समोर डायपर बदलणारी मुलगी उभी असते. येशू डोंगरावरच्या प्रवचनात चक्क सांगतो की तू वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे तर ते दान तिथेच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग ये. जक्कयाचंही तसंच, मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, येशू त्याच्या घरी जेवायला जातो, तेही आधी काहीही अट न घालता, ही कृपाच, आणि मग तो उठून आकडे बोलतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत. त्यानंतर येशू म्हणतो आज या घराला तारण मिळालं. माझं निरीक्षण सांगते, आपल्या मंडळ्यांमध्ये जक्कय उंबराच्या झाडावर चढला एवढंच मुलांना गाऊन दाखवतात, चौपटीचं गाणं मी अजून ऐकलं नाही.

जर्मनीत बोनहोफर नावाचे एक पाळक होऊन गेले, हिटलरच्या राजवटीने १९४५ च्या एप्रिलमध्ये त्यांना फाशी दिली. त्यांनी १९३७ साली या प्रकाराला नाव दिलं होतं, स्वस्त कृपा. पश्चात्ताप न मागता वाटलेली माफी. तेही लुथरन होते, मार्टिन लुथरने सुरू केलेल्या प्रोटेस्टंट पंथाचे, म्हणजे कर्मांनी तारण म्हणणारे अजिबात नव्हते. त्यामुळे उद्या भाऊ म्हणाला की तू असं विचारतेस म्हणजे तू कर्मवादी, तर ते तितकंसं खरं नाही, हा प्रश्न कृपेवाल्यांच्या घरातलाच आहे.

मग वडिलांचं तारण झालं की नाही? ते मी ठरवू शकत नाही, तूही नाही, आणि माफ कर पण भाऊ आणि पास्टरही नाहीत. अंथरुणावर पडलेल्या, जेमतेम आवाज फुटणाऱ्या माणसाला बारा दिवसांत किती धीर गोळा करता आला असता कोण जाणे, तुझ्यासमोर तोंड उघडायची लाजही असेल. वधस्तंभावरच्या त्या अपराध्याकडे परत करायला काही नव्हतं, वेळही नव्हता, आणि येशूने त्याला त्यासाठी अडवलं नाही. मी तरी आशा करते की झालं असेल, कारण असल्या माणसाला तिथून परत पाठवत असतील तर मग माझीही फाईल कधीतरी अडकेल. पण माझी आशा ही एक गोष्ट आणि माइकवरून दिलेला निकाल ही दुसरी.

मजुरांच्या दाखल्याचं बोलू, कारण स्मरण-उपासनेत तोच वाचला असं तू लिहिलंयस. मत्तय वीस. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे नाक्यावरून मजूर घेऊन जातो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि पाच वाजता पुन्हा जातो तर अजून काही उभेच, आम्हाला कोणी कामाला घेतलंच नाही म्हणतात. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी, आणि पहाटेवाले कुरकुरतात. मला हा दाखला फार आवडतो, आपल्याकडे मजूर नाक्यावर दुपारपर्यंत उभं राहिलेल्या माणसाला त्यातलं दुःख समजावून सांगावं लागत नाही. पण तुझ्यावर तो लावणं मला अन्यायाचं वाटतं. दाखल्यात पाच वाजता आलेला मजूर दिवसभर रिकामा उभा होता, पहाटेच्या मजुरांना मारत नव्हता! तू त्या कुरकुरणाऱ्यांपैकी नाहीस. तुला वडिलांच्या मजुरीचा हेवा नाही वाटत, तुझं म्हणणं आहे की मळ्यात एका बाईला मारलं गेलं आणि पगारवाटपाच्या वेळी कोणी तिचं नावसुद्धा घेतलं नाही.

आता आईकडे येते, कारण मला वाटतं पत्रातलं सगळ्यात दुखरं वाक्य तेच आहे.

भावाला वाटतं कॅथलिक म्हणजे कर्मांनी तारण. हा गैरसमज इतका जुना आणि इतका पसरलेला आहे की त्याला एकट्याला दोष देत नाही. पण बघ, लुथरच्या विरोधात कॅथलिक चर्चची जी ट्रेंटची परिषद भरली, तिने १५४७ च्या जानेवारीत या विषयावर जो ठराव केला त्याचा अगदी पहिला नियमच असा आहे की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या देवाच्या कृपेवाचून, माणूस स्वतःच्या कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरू शकतो असं जो म्हणेल तो शापित. पहिलाच नियम! भांडण होतं ते पुढे, फक्त विश्वास पुरे का, आणि कृपा आत येऊन माणसाला बदलते ते त्याच्या नीतिमान ठरण्याचा भाग धरायचं की परिणाम, वगैरे. भांडण खरं होतं, छोटं नव्हतं, रक्त सांडलं त्याच्यावरून. आणि मग ३१ ऑक्टोबर १९९९ ला, म्हणजे लुथरने चर्चच्या चुकांवर मांडलेल्या पंचाण्णव प्रबंधांच्या तारखेलाच, जर्मनीत आउग्सबुर्गला लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या की आमच्या कोणत्याही पुण्याईमुळे नाही, केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासात देव आमचा स्वीकार करतो. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. सगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांना ते मान्य नाही हेही सांगते, उगाच भावापुढे तोंडघशी पडायला नको. पण "कॅथलिक होती म्हणजे कर्मांवर होती" हे आता कोणी अभ्यास केलेला माणूस इतक्या सहज म्हणत नाही.

आणि रोझरीचंच म्हणशील तर, मी प्रोटेस्टंट, मारियेकडे प्रार्थना करत नाही, आमचं तिथे जमत नाही, पण शब्द तर ऐक. दहा-दहा मण्यांच्या पाच गटांच्या एका माळेत नमो मारियेची प्रार्थना त्रेपन्न वेळा येते. तिची सुरुवातच कृपेने भरलेली या शब्दांनी होते आणि शेवट होतो आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. म्हणजे तुझी आई मार खाऊन, भाकऱ्या थापून, मुलांना झोपवून रात्री बसायची आणि त्रेपन्न वेळा कृपा म्हणायची आणि त्रेपन्न वेळा स्वतःला पापी म्हणायची. स्वतःच्या कर्मांवर भरवसा असलेली बाई अशी भीक मागत बसते होय?

तारखेबद्दल. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीकडे तारीख होती, २४ मे १७३८, वेळसुद्धा लिहून ठेवलीये, रात्री पावणेनऊच्या सुमारास, लंडनमध्ये कोणीतरी रोमकरांस पत्राला लुथरने लिहिलेली प्रस्तावना वाचत असताना त्याला आतून ऊब जाणवली. आपल्या पंडिता रमाबाईंचं उदाहरण तुमच्या भावाच्या मंडळीत नक्की देत असतील, की १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला पण त्यांनीच नंतर लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त स्वतः नव्हता सापडला, त्याला पुढे आठेक वर्षं लागली. खरंय. पण रमाबाईंनी ते स्वतःबद्दल लिहिलं, दुसऱ्याच्या आईबद्दल नाही. शिवाय त्या आठ वर्षांतच शारदा सदन उभं राहिलं, आणि ख्रिस्त सापडल्यावर काम थांबलं नाही, दुष्काळातल्या शेकडो मुली केडगावला आल्या त्या नंतरच. आणि पौलाचा लाडका तीमथ्य, त्याची तारीख कुठाय? पौल त्याला लिहितो की हा विश्वास आधी तुझ्या आजीत, लोईसमध्ये होता, मग तुझ्या आईत, युनीकेत. बास. आईकडून आला. तुलाही बहुतेक तसाच आलाय.

"माझा विश्वास पुरेसा आहे का" असं तू पत्रात चारदा विचारलंस, मी मोजलं. इथे थोडं थांब, कारण ही खोड फार जणांना आहे आणि मलाही होती. आपण कर्मं दाराबाहेर काढतो आणि विश्वासालाच एक कर्म करून परत आत घेतो. मग विश्वासाची मोजणी चालू, आज किती वाटला, रडू आलं का, आनंद झाला का, टक्के किती. लुथर एर्फुर्टच्या मठात असताना तासन्‌तास पापकबुली देत बसायचा, एखादं पाप राहिलं तर, या भीतीने, आणि त्याची सुटका झाली ती स्वतःकडे बघणं सोडलं तेव्हा. तू नर्स आहेस, तुला माहीतच आहे, पेशंटने हात पुढे केला म्हणून सलाईन त्याने कमावलं असं होत नाही, आणि त्याचा हात थरथरत होता म्हणून औषध कमी लागू पडतं असंही नाही, शीर सापडली की झालं. आजारी मुलाला येशूकडे घेऊन आलेल्या त्या बापाने त्याला काय सांगितलं? मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवून टाक. दोन्ही एका दमात. आणि मुलगा बरा झाला.

दक्षिणेतल्या वैष्णवांमध्ये याच प्रश्नावर दोन पंथ पडलेत हे मला फार उशिरा कळलं. एकांचं म्हणणं जीव माकडिणीच्या पिल्लासारखा, आई उडी मारते पण पिल्लाला घट्ट धरून राहावं लागतं, दुसऱ्यांचं म्हणणं मांजरीच्या पिल्लासारखा, आईच मानगुटीला धरून उचलते, पिल्लू नुसतं लोंबकळतं. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय. मला वाटतं आपण बहुतेक सगळे माकडाची मेहनत करत मांजराचं भजन गातो.

राग येतो म्हणजे तू बाहेर, हे कुठून आलं? उधळ्या पुत्राच्या गोष्टीत धाकटा सगळं उधळून परत आला म्हणून मेजवानी चाललीय आणि थोरला मुलगा रागावून बाहेर उभा आहे, घरात जात नाही, आणि बाप काय करतो, पाहुणे टाकून बाहेर येतो आणि त्याची विनवणी करतो. तुझा राग म्हणजे तू माझा मुलगाच नाहीस, असं म्हणत नाही. म्हणतो, बाळा, तू नेहमी माझ्यापाशी आहेस, माझं जे आहे ते सगळं तुझंच. (धाकट्याने आपला वाटा आधीच नेलेला होता, हे भावाला आठवण करून द्यायला हरकत नाही.) आणि गोष्ट तिथेच संपते, थोरला आत गेला की नाही ते येशूने सांगितलंच नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढून वाच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळोख, शेवटी आशेची एक ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रातच आहे. आनंद व्हायला हवा म्हणून घाईने आणू नकोस.

आता तुला टोचेल असं एक विचारते. समजा उद्या खात्रीने कळलं की वडिलांना माफी मिळाली नाही. तुला बरं वाटेल का? खरं सांग, मला नको, स्वतःला. आईला त्यातून काय मिळेल? माझा अंदाज आहे की तुला त्यांची शिक्षा नकोय. तुला हवंय की कोणीतरी चार माणसांत म्हणावं, हो, असं झालं होतं, त्या घरात एका बाईला मारलं गेलं आणि आम्हा सगळ्यांना माहीत होतं. अंदाज चुकला असेल तर सोडून दे. पण बरोबर असेल तर हे कृपेच्या विरुद्ध नाही, आणि हे जिवंत माणसांकडून मिळू शकतं, त्यासाठी वडिलांची गरज नाही.

तुझ्या पाच महिन्यांचं म्हणशील तर इफिसकरांसच्या त्याच अध्यायातली दहावी ओळ वाच, आठ-नऊच्या लगेच पुढची, जी कोणी पाठ करायला लावत नाही. आपण त्याची हस्तकृती आहोत, सत्कृत्यांसाठी घडवलेले. कर्मं तारणाचा पगार नाहीत, पण वायाही नाहीत, बायबलमधल्या पत्रात याकोब तर म्हणतो कर्मांवाचून विश्वास मेलेला. आणि तू ते पॉइंट्ससाठी केलं नाहीस गं. ज्या माणसाने तुझ्या आईवर हात उचलला त्याच्या पाठीला बेडसोअर होऊ नयेत म्हणून तू दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवलंस, तेही त्याने माफी मागायच्या आधी, त्याने काहीही कमावलेलं नसताना. याला काय म्हणतात ते तुला कोणी पुलपिटवरून सांगितलं नाही, ते त्यांच्या लक्षात आलं नसेल.

बरं, आता कामाचं.

घर. ख्रिस्ती कुटुंबांना महाराष्ट्रात १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, इच्छापत्र नसेल आणि आई आधीच गेली असेल तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा, अर्धा-अर्धा. (गोव्यातल्या वाचकांनी हे गृहीत धरू नये, तिथला कायदा वेगळा आहे.) हक्कसोडपत्र एकदा दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर झालं की मागे फिरणं फार कठीण, त्यामुळे भावाच्या वकिलाकडे नाही, स्वतःच्या वकिलाकडे कागद घेऊन जा. इच्छापत्र आहे का ते आधी विचार. मग वाटणी करून घ्यायची, की त्याने तुझ्या वाट्याचे पैसे देऊन तू सही करायची, की दोघांच्या नावावर राहू द्यायचं, ते सावकाश ठरव. आणि तुला खरंच त्याला फुकट द्यावंसं वाटलं तर दे, कोणाची ना नाही, पण पौलाने देण्याबद्दल करिंथकरांना सांगितलंय की मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कष्टी मनाने नको आणि भाग पडतं म्हणूनही नको. आधी वाटा नावावर लागू दे. जे आपलं म्हणून मान्यच झालेलं नाही ते दान कसं करणार?

भावाला फोनवर लांबलचक धर्मशास्त्र सांगत बसू नकोस, तो तुझ्यापेक्षा जास्त वचनं पाठ म्हणेल. एवढंच म्हण, "पप्पांना देवाने माफ केलं असेल तर मला मान्य आहे. घराचं कागदावर बोलू." आणि आईबद्दल त्याने पुन्हा काही काढलं तर फोन ठेव. उद्धटपणा वाटेल, वाटू दे.

पास्टरांना मात्र एकदा समोरासमोर भेट, भाऊ नसताना. भांडायला नको. त्यांना कदाचित खरंच काही माहीत नसेल, भावाने सांगितलं तेवढंच. काय झालं होतं ते सांग, साल-महिन्यासकट, आईच्या हाताला टाके पडलेले ते सुद्धा. आणि विचार की वडिलांनी तुमच्यापाशी आईचं नाव काढलं होतं का. ते म्हणतील गोपनीय आहे, तर ठीक. काढलं होतं म्हणाले तर तुला हवी असलेली निम्मी गोष्ट तिथे मिळेल. वर्षश्राद्धासारखी जी वर्षाची उपासना असते तेव्हा दोघांचंही नाव घ्या अशी मागणी कर. नकार आला तर त्या उपासनेला जायची तुझ्यावर सक्ती नाही.

ज्यांच्या घरातला मारणारा माणूस अजून जिवंत आहे आणि नुकताच प्रभूत आलाय अशा दोन वाचकांची पत्रं याच महिन्यात आलीत, त्यांना इथेच सांगते. त्याला माफ करणं वेगळं आणि त्याच्यासोबत एका छताखाली झोपायला परत जाणं वेगळं. पश्चात्ताप खरा असेल तर तो तुमच्या अटींवर, तुमच्या वेळेनुसार थांबेल. थांबत नसेल, हात उचलत असेल, तर मंडळीतल्या कोणाच्या सल्ल्याची वाट न बघता १८१ वर फोन करा, बायकांसाठीची हेल्पलाइन आहे, आणि अगदी जिवावर बेतलं तर ११२.

तू २ नोव्हेंबरला वसईला जा. मृतांच्या दिवशी सिमेट्रीत सगळी फुलं आणि मेणबत्त्या असतात, तिथे आईच्या कबरीपाशी बस, मिस्सा (कॅथलिक चर्चमधली उपासना) सांगावीशी वाटली तर सांग, तुझ्या प्रोटेस्टंट मनाला जमत नसेल तर नुसती बस. भावाला कळवायची गरज नाही. तू पत्रात आईचं नाव एकदाच लिहिलंयस, ते मी छापलं नाही, पण लिहून ठेवलंय, त्या दिवशी मीही इथे आमच्या चर्चमध्ये घेईन.

आणि घराच्या प्रॉपर्टी कार्डाचा किंवा सातबाराचा उतारा भूमी अभिलेखच्या पोर्टलवर ऑनलाइन निघतो, त्यासाठी भावाकडे मागत बसू नकोस.